गोड पान आणि रक्तातील साखर

श्रोतेहो, बंगळूर शहरात सकाळच्या वेळी कोणाच्याही घरी जावे, कॉफीचा दरवळ दाराशीच आपले स्वागत करतो. गाळणीतून थेंबथेंब उतरलेला दाट अर्क, त्यावर तापलेले दूध आणि पेल्यातून वाटीत, वाटीतून पेल्यात असे खालीवर करून आणलेला फेस, हा तेथील नित्याचा सोहळा. मल्लेश्वरम् भागात आमचे एक वडीलधारे आप्त राहतात. वय सत्तरीच्या घरात आणि मधुमेहाशी पंधरा-वीस वर्षांचा सहवास. आम्ही त्यांना काका म्हणतो. मी त्यांच्याकडे गेलो असता त्यांनी मला गच्चीवर नेले, एका कुंडीतील हातभर उंचीच्या झुडुपाचे पान खुडले आणि म्हणाले, "हे चावून बघ." पान दाताखाली येताच तोंडभर गोडवा पसरला, तो बराच वेळ रेंगाळला आणि शेवटी ज्येष्ठमधासारखी किंचित कडवट चव मागे ठेवून गेला.

"साखरेचा डबा आता आम्ही घरातून हद्दपार केला आहे," काका समाधानाने सांगू लागले. "कॉफीत ह्याच पानांची पूड घालतो. आणि ऐक, संध्याकाळची गोळीही सोडून दिली. हे पानच रक्तातली साखर खाली आणते म्हणतात. काट्याने काटा काढावा तसे गोडाने गोड निघते."

काकांच्या ह्या बोलण्यात दोन विधाने होती. हे पान साखरेच्या जागी चालते, हे पहिले. आणि हे पान रक्तातील साखर उतरविते, हे दुसरे. दोन्ही विधाने इतकी शेजारी-शेजारी बसलेली असतात की, एक खरे ठरले म्हणजे दुसरेही खरेच असणार असे आपण समजून चालतो. वस्तुतः पहिले विधान बव्हंशी खरे आहे आणि दुसऱ्याला भरवशाचा आधार नाही. ह्या दोहोंमधील अंतर ओळखणे हे मधुमेह्याच्या दृष्टीने केवळ माहितीचे काम नाही. त्याच्या प्रकृतीचे बरेवाईट त्यावर अवलंबून आहे. म्हणून आज ह्या गोड पानाची हकिगत आपण थोड्या विस्ताराने पाहू.

ह्या वनस्पतीचे शास्त्रीय नाव स्टेव्हिया रेबौडियाना. आपल्याकडे तिला कौतुकाने 'गोड तुळस' म्हणतात. परंतु तुळशीशी तिचे नाते नाही. सूर्यफूल आणि शेवंती ज्या कुळातली, त्याच कुळातली ही. तिचे माहेर दक्षिण अमेरिकेतील पॅराग्वे देश. तेथील ग्वारानी लोक पिढ्यान्‌पिढ्या ही पाने वापरीत आले. त्या प्रदेशात 'माते' नावाचा एक कडवट पानांचा चहा पितात. त्याचा कडूपणा मोडण्यासाठी हे पान उपयोगी पडे. ग्वारानी भाषेतील तिच्या नावाचा अर्थच मुळी 'गोड वनस्पती' असा आहे. मोइझेस बेर्तोनी नावाच्या, मूळच्या स्वित्झर्लंडच्या पण पॅराग्वेत स्थायिक झालेल्या वनस्पतिशास्त्रज्ञाने १८९९ साली तिचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले, आणि तिच्या रसायनाचा प्रथम अभ्यास करणाऱ्या ओव्हिदियो रेबौदी ह्या रसायनज्ञाचे नाव तिला दिले. पुढे १९३१ साली ब्रिदेल आणि लाव्हिएल ह्या दोन फ्रेंच रसायनज्ञांनी पानांतील गोड द्रव्य शुद्ध रूपात वेगळे काढले. त्याला स्टेव्हिओसाइड म्हणतात. त्याचेच एक भावंड रेबौडिओसाइड-ए. ही शुद्ध द्रव्ये साखरेच्या दोनशे ते तीनशे पट गोड आहेत.

व्यापारी प्रमाणावर ह्या द्रव्यांचा वापर प्रथम जपानने १९७० नंतरच्या दशकात सुरू केला. इतर देश मात्र दीर्घकाळ साशंक होते. अखेर २००८ साली जागतिक आरोग्य संघटना आणि अन्न व कृषी संघटना ह्यांच्या संयुक्त तज्ज्ञ समितीने शुद्ध द्रव्याची सुरक्षित मर्यादा ठरवून दिली. युरोपने २०११ साली परवानगी दिली, आणि भारताच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने २०१५ साली. समितीची मर्यादा साध्या हिशेबात सांगायची, तर साठ किलो वजनाच्या मनुष्याने शंभर ग्रॅमांहून अधिक साखरेइतका गोडवा रोज ह्या द्रव्यापासून घेतला तरी ती ओलांडली जात नाही. एक गोष्ट मात्र ध्यानी ठेवावी. ही परवानगी पंच्याण्णव टक्के वा त्याहून अधिक शुद्ध केलेल्या अर्काला आहे. कच्च्या पानात ह्या द्रव्यांखेरीज इतरही पुष्कळ घटक असतात, आणि त्यांची तेवढी कसोशीने परीक्षा झालेली नाही.

बंगळूरच्या परिसरात हे झाड रुजले ह्यात नवल नाही. समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंची, फार कडक नसलेला उन्हाळा आणि पाण्याचा निचरा होणारी तांबडी माती, हे सारे त्याला मानवते. १९६४ साली स्थापन झालेल्या बंगळूरच्या कृषी विद्यापीठात गेल्या शतकाच्या अखेरीपासून ह्या पिकाच्या लागणीच्या पद्धती आणि खतांच्या मात्रा ह्यांवर प्रयोग झाले. बी नीट उगवत नाही, म्हणून छाट कलमांनी लागण करावी लागते. आणि फुले आली की पानांतील गोडवा उतरू लागतो, म्हणून कळ्या खुडून टाकाव्या लागतात किंवा फुलोरा येण्याच्या सुमारास कापणी करावी लागते. शेतातून हे झाड रोपवाटिकांत आले, आणि तेथून शहरातील गच्च्यांवर. वाटेत त्याच्या गुणांची ख्याती मात्र वाढत गेली. शेतकऱ्याच्या हाती ते 'साखरेला पर्याय' होते. कुंडीत येईपर्यंत ते 'साखरेवर औषध' झाले.

आता ह्या ख्यातीची पारख करावयाची, तर रक्तातील साखरेचा हिशेब आधी समजून घेतला पाहिजे. प्रौढ माणसाच्या अंगात सुमारे पाच लिटर रक्त असते. उपाशीपोटी निरोगी माणसाच्या दर शंभर मिलिलिटर रक्तात द्राक्षशर्करा, म्हणजे ग्लुकोज, शंभर मिलिग्रॅमच्या आत असते. गुणाकार केला म्हणजे दिसते की, साऱ्या शरीरातील रक्तात मिळून ही शर्करा पाच ग्रॅमच्या आसपास, अर्थात एक लहान चमचाभर. आणि दोन चमचे साखर घातलेल्या कॉफीच्या एका पेल्यात साखर असते आठ ते दहा ग्रॅम. तिच्यातील निम्मी द्राक्षशर्करा आहे व निम्मी फलशर्करा. ती आतड्यात सुटी होते आणि द्राक्षशर्करा थेट रक्तात उतरते. निरोगी माणसाचे स्वादुपिंड लगोलग इन्सुलिन सोडते आणि आलेली शर्करा स्नायूंत व यकृतात मुरवून टाकते. मधुमेह्यात एक तर इन्सुलिन अपुरे असते किंवा शरीर त्याला नीट दाद देत नाही. मग आलेला पाहुणा रक्तातच मुक्काम ठोकतो.

गोड पानातील द्रव्याची वाट ह्याहून अगदी निराळी आहे. गंमत अशी की, त्याच्या रेणूलाही द्राक्षशर्करेचे तीन-चार अंश जोडलेले असतात. परंतु ते बंध तोडणारे पाचकरस मनुष्याच्या जठरात व लहान आतड्यात नाहीत. त्यामुळे तो रेणू अखंड स्थितीत मोठ्या आतड्यापर्यंत पोहोचतो. तेथील जीवाणू शर्करेचे अंश तोडून घेतात आणि स्वतःच फस्त करतात. मागे राहिलेला गाभा रक्तात शिरतो, यकृत त्याच्यावर संस्कार करते आणि अखेर तो मूत्रावाटे बाहेर टाकला जातो. जिभेला गोडीची वार्ता मिळते, पण रक्ताच्या खात्यावर साखर म्हणून काहीच जमा होत नाही. काकांचे पहिले विधान खरे, ते ह्याच कारणाने. दिवसातून तीन पेले कॉफी पिणाऱ्याने दर पेल्यातील दोन चमचे साखरेऐवजी हे द्रव्य वापरले, तर रोजची पंचवीस-तीस ग्रॅम साखर वाचते. हा लाभ लहान नाही.

पण जमा न करणे वेगळे आणि असलेली बाकी फेडणे वेगळे. दुसऱ्या विधानाचे काय? ते सर्वस्वी हवेतून आलेले नाही, हे प्रांजळपणे सांगितले पाहिजे. डेन्मार्कमधील संशोधकांनी २००४ साली प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात बारा मधुमेह्यांना जेवणाबरोबर एक ग्रॅम स्टेव्हिओसाइड दिले. जेवणानंतर रक्तातील साखरेची जी चढ होते, ती सुमारे अठरा टक्क्यांनी कमी भरली. बेल्जियममधील संशोधकांनी २०१७ साली उंदरांवर दाखवून दिले की, हे द्रव्य इन्सुलिन स्रवणाऱ्या पेशींच्या एका विशिष्ट द्वाराला चेतना देऊ शकते. आशा वाटावी असेच हे निष्कर्ष. तथापि बारा माणसे आणि एक जेवण एवढ्यावरून औषध सिद्ध होत नाही. आणि एक ग्रॅम शुद्ध द्रव्य म्हणजे दोन-अडीचशे ग्रॅम साखरेचा गोडवा, जो कोणीही एका जेवणात घेणार नाही.

म्हणून दीर्घकाळाचे प्रयोग पाहावे लागतात. असे दोन प्रयोग २००८ साली प्रसिद्ध झाले. एकात शंभराहून अधिक मधुमेह्यांपैकी निम्म्यांना सोळा आठवडे रोज एक ग्रॅम रेबौडिओसाइड-ए दिले आणि उरलेल्यांना दिसायला तशीच, पण निर्गुण अशी मात्रा. मागील दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर दाखविणारी जी रक्तचाचणी आहे, तिच्यात दोन्ही गटांत फरक आढळला नाही. दुसरा प्रयोग तर ह्या झाडाच्या माहेरीच, पॅराग्वेत झाला. तेथे तीन महिने रोज तीन वेळा अडीचशे मिलिग्रॅम द्रव्य दिले गेले. साखर उतरली नाही, आणि अपायही दिसला नाही. ह्यावरून निघणारा निष्कर्ष साधा आहे. हे द्रव्य रक्तातील साखरेच्या बाबतीत तटस्थ आहे. त्याचा सारा गुण त्याने बाजूस सारलेल्या साखरेत आहे. जो पूर्वी साखर घेतच नव्हता, त्याने हे पान खाल्ल्याने त्याची साखर कमी होण्याचे काही कारण नाही.

ह्या तटस्थतेविषयी एक नवा पुरावाही सांगण्यासारखा आहे. इस्रायलमधील संशोधकांनी २०२२ साली एकशेवीस निरोगी माणसांवर निरनिराळ्या गोड द्रव्यांची दोन आठवडे परीक्षा केली. सॅकरिन आणि सुक्रालोज ह्या कृत्रिम द्रव्यांनी आतड्यांतील जीवाणूंत बदल घडून साखर पचविण्याची शक्ती काहीशी बिघडल्याचे त्यांना दिसले. स्टेव्हियाने तसा बिघाड दिसला नाही. त्या दृष्टीने हे पान आपल्या भावंडांत गुणी ठरते.

परंतु, श्रोतेहो, पान एक आणि बाजारातील पुडी दुसरी. शुद्ध द्रव्य इतके तीव्र गोड असते की, पेल्याला त्याचा चिमटीत न मावणारा कण पुरतो. चमच्याने मोजता यावे म्हणून कारखानदार त्यात काही भर घालतात. ती भर कधी माल्टोडेक्स्ट्रिन असते, कधी डेक्स्ट्रोज, कधी दुग्धशर्करा. ह्यांपैकी डेक्स्ट्रोज म्हणजे द्राक्षशर्कराच, आणि माल्टोडेक्स्ट्रिन रक्तातील साखर साखरेइतक्याच किंवा अधिक वेगाने चढविते. एका पुडीत भर ग्रॅमभरच असल्याने पेलाभर कॉफीत तिचा उपद्रव जाणवत नाही. पण वाटीच्या मापाने ती खिरीत वा शिऱ्यात पडली की हिशेब बदलतो. काही पुड्यांत एरिथ्रिटॉल असते. ते साखर चढवीत नाही. परंतु रक्तात त्याचे प्रमाण अधिक असलेल्यांत हृदयविकाराचे व पक्षाघाताचे प्रमाण अधिक आढळल्याचे २०२३ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात नमूद आहे. कार्यकारण सिद्ध व्हायचे असले तरी सावधगिरी बरी. तेव्हा पुडीच्या दर्शनी भागावरील हिरव्या पानाचे चित्र पाहून खरेदी न करता मागील बाजूस बारीक अक्षरांत छापलेली घटकांची यादी वाचावी.

येथेच दुसरा एक गैरसमजही दूर करावा. साखर नको म्हणून पुष्कळ घरांत गुळाचा आश्रय घेतला जातो. मग तो कोल्हापूरचा असो वा मंड्याचा. गुळात खनिजे थोडी अधिक असतील, स्वाद निःसंशय सरस आहे. पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे, आणि रक्त त्या दोहोंत भेद करीत नाही. वनस्पतीपासून झाले म्हणून एखादे गोड निरुपद्रवी ठरत नाही. ऊसही वनस्पतीच आहे.

पानाच्या तटस्थतेला आणखी एक मर्यादा आहे, आणि तीच काकांच्या बाबतीत नडली. त्या दिवशी बिनसाखरेच्या कॉफीसोबत दोन डोसे त्यांनी आनंदाने खाल्ले. "साखर वाचली ना!" हे त्यांचे म्हणणे. कॉफीत साखर नव्हती हे खरे. पण दुधात दुग्धशर्करा होती, शंभर मिलिलिटरला सुमारे पाच ग्रॅम. आणि डोशाच्या पिठात तांदूळ होता. शिजलेल्या भाताच्या दीडशे ग्रॅमच्या वाटीत चाळीस ग्रॅमच्या आसपास पिष्ट असते, आणि ते पोटात जाऊन अखेर द्राक्षशर्कराच होते. सणासुदीला आपल्या घरी पुरणपोळी आणि शेजारच्या कन्नड घरी होळिगे होते. दोन्हींतील गूळ काढून हे द्रव्य घातले, तरी मैदा जागेवर राहतो आणि डाळही. गोड बदलले म्हणून पदार्थ बदलत नाही. मी काकांना तासाभराने घरच्या यंत्रावर रक्त तपासायला सांगितले. आकडा दोनशेच्या पुढे निघाला. ते यंत्राकडे पाहत राहिले आणि मग म्हणाले, "म्हणजे पानाने काहीच केले नाही?" मी म्हटले, "काका, पानाने आपले काम चोख केले. तुम्ही त्याच्यावर गोळीचेही काम लादलेत."

आता ज्या गोष्टीकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही, ती सांगतो. आणि ज्या घरात मधुमेही आहे त्या घराने ती विशेष लक्षात ठेवावी. इन्सुलिन टोचून घेणाऱ्यांची, तसेच स्वादुपिंडाकडून इन्सुलिन स्रवून घेणाऱ्या काही गोळ्या खाणाऱ्यांची साखर कधी कधी एकाएकी फार खाली जाते. हातपाय कापू लागतात, घाम फुटतो, छाती धडधडते, बोलण्यात विसंगती येते. साखर सत्तरच्या खाली गेली की हा धोका समजावा. अशा वेळी सुमारे पंधरा ग्रॅम द्राक्षशर्करा, किंवा तीन चमचे साखर पाण्यात ढवळून, ताबडतोब द्यावी लागते. पंधरा मिनिटांनी पुन्हा रक्त पाहावे आणि आकडा वर आला नसेल तर पुन्हा द्यावी. मनुष्य शुद्धीवर नसेल तर तोंडात काहीही न घालता त्याला तत्काळ रुग्णालयात न्यावे. ह्या प्रसंगी गोड पानाचे सरबत दिले, तर जिभेला ते गोड लागेल, घरच्यांना हायसे वाटेल आणि रक्ताला काहीही मिळणार नाही. जो गुण एरवी उपकारक, तोच त्या घटकेला घातक. ज्या घरातून साखरेचा डबा हद्दपार झाला आहे, त्या घरात संकटकाळी धावून येणारे कोणी उरलेले नसते. म्हणून मधुमेह्याच्या घरी द्राक्षशर्करेची पुडी हाताशी असावीच, आणि ती कोठे ठेवली आहे हे घरातील प्रत्येकाला ठाऊक असावे.

जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ साली असा सल्ला दिला की, वजन आटोक्यात ठेवण्याचे किंवा पुढील रोग टाळण्याचे साधन म्हणून साखरेतर गोड द्रव्यांवर, त्यांत स्टेव्हियाही आला, विसंबू नये. हा सल्ला ज्यांना आधीच मधुमेह आहे त्यांच्यासाठी नाही, हेही तिने स्पष्ट केले आहे. त्यामागील विचार पटण्याजोगा आहे. गोडाची ओढ तशीच ठेवून केवळ गोडाचा प्रकार बदलला, तर जीभ आहे तेथेच राहते. भारतात दहा कोटींहून अधिक लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीतून निघाला. त्याहून अधिक लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढ्या मोठ्या समाजाने आपल्या पेल्यातील गोडी हळूहळू अर्ध्या चमच्याने उतरवीत नेली, तर ती सवय कुठल्याही पानाहून अधिक काम करील.

काकांनी दुसऱ्याच दिवशी आपल्या डॉक्टरांची भेट घेतली आणि संध्याकाळची गोळी पुन्हा सुरू झाली. गच्चीवरची कुंडी मात्र त्यांनी ठेवली आहे, आणि ते योग्यच आहे. कॉफीत आता ते शुद्ध अर्काचे दोन थेंब घालतात, डोसा एकच खातात आणि सकाळ-संध्याकाळ चालायला जातात. स्वयंपाकघरातील फळीवर जेथे पूर्वी साखरेचा डबा असे, तेथे द्राक्षशर्करेची एक छोटी पुडी ठेवलेली असते. तिला सहसा कोणी हात लावीत नाही. पण ती तेथे आहे, हे घरातील साऱ्यांना, नातवंडांनासुद्धा, माहीत आहे.